चार वर्षांच्या मुलाच्या दातांसाठी पूर्ण भूल द्यावी का?

«माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे, वजन १४ किलो. त्याचे नऊ दात किडलेत. खालच्या उजव्या दाढेपाशी गेल्या महिन्यात पू झाला होता. औषधानं सूज उतरली, पण अजून रात्री रडत उठतो. चंद्रपुरातल्या पहिल्या डॉक्टरांच्या खुर्चीत तो बसलाच नाही. ते म्हणाले, तिघांनी धरलं तर दोन दाढा आजच काढून टाकतो. मला ते बघवलं नसतं, मी त्याला घेऊन उठून आले. दुसरे डॉक्टर म्हणाले, गुंगीचं सिरप देऊ, चार-पाच वेळा यावं लागेल. नागपूरच्या बालदंततज्ज्ञ मॅडम म्हणतात, हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळं करू. यांच्या मित्रानं लाफिंग गॅस सुचवलाय. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडतीलच, पोराला कशाला बेशुद्ध करता? मला भीती आहे ती मेंदूवर परिणाम होईल याची, आणि खरं सांगायचं तर तो उठलाच नाही तर काय, याची. बाकी त्याला काही आजार नाही. फक्त सर्दी सारखी असते आणि रात्री घोरतो.

ता. क. माझीही अक्कलदाढ काढायची आहे. मलाही झोपवूनच काढतील का?»
— एक आई, चंद्रपूर

प्रिय ताई,

त्या खुर्चीतून मुलाला घेऊन उठलात, ते योग्यच केलंत.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. तुमच्या मुलाला हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञाच्या हातून पूर्ण भूल देऊन, एकाच दिवशी सगळे दात करून घ्यावेत. मात्र त्याआधी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, सहज लिहिली आहे. तो घोरतो.

सासूबाईंचं म्हणणं आधी घेते. त्यांना नातवाची काळजी आहे आणि त्यांच्या काळात हेच सगळे सांगत. पुढचे दात सहा ते आठ वर्षांचा होईपर्यंत पडतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे ज्या दाढेला आज पू झालाय, तिच्यावर त्याला अजून सहा वर्षं तरी जेवायचंय. शिवाय तिच्या मुळांच्या खालीच पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो आणि वरचा पू त्याला इजा करू शकतो. दुखतंय म्हणून मूल एका बाजूनं चावतं, भाकरी-पोळी टाळून दूध-बिस्किटावर येतं, झोप मोडते आणि वजन वाढत नाही. थांबून हे दुखणं जाणार नाही.

आणि हे लक्षात ठेवा: गाल पुन्हा सुजला, सूज डोळ्याच्या खाली किंवा जबड्याच्या खाली गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर नागपूरच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

नऊच्या नऊ दातांना भूल लागतेच का, हा प्रश्न नागपूरच्या मॅडमना जरूर विचारा. नुसती वरवरची कीड असेल, दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली नसेल, तर सिल्व्हर डायमिन फ्लोराइड या औषधाचा थेंब लावून ती थांबवता येते. सुई नाही, ड्रिल नाही, मिनिटभराचं काम. दात मात्र तिथं काळा पडतो आणि तो तसाच राहतो. काही दाढांवर न कोरता, न टोचता स्टीलची कॅप बसवता येते. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. फक्त अशीच कीड असती, तर मी म्हटलं असतं, ती थांबवा, मूल सहा वर्षांचं होऊ द्या, तोवर ते खुर्चीत बसायला शिकेल. पण तुमच्या मुलाला पू होऊन गेलाय आणि रात्री दुखतंय. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं म्हणजे कीड नसेपर्यंत गेलेली. तिथं थेंब पुरत नाही.

हातपाय धरून काम करण्याबद्दल. अगदी लहान बाळाचा हलणारा दात आईच्या मांडीवर क्षणभर धरून काढावा लागतो, ते वेगळं. सव्वाचार वर्षांच्या, सगळं कळणाऱ्या मुलाला तिघांनी दाबून दोन दाढा काढणं मला मान्य नाही. झटका देणाऱ्या मुलाच्या तोंडात सुई आणि धारदार हत्यारं असतात, हा एक धोका. दुसरं म्हणजे ही भीती पुढे वर्षानुवर्षं टिकते. मोठेपणीही दातांच्या डॉक्टरकडे जायचं टाळणारी कितीतरी माणसं लहानपणीचा असाच एखादा प्रसंग सांगतात.

मग नुसतं इंजेक्शन देऊन, जागेवरची भूल घेऊन? एका-दोन दातांना चालेल, नवांना एका बैठकीत नाही. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेन या औषधाला वजनानुसार मर्यादा आहे. लहान मुलांत सावधपणे धरायचं तर किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. १४ किलोच्या मुलाला हे सुमारे ६१ मिलिग्रॅम होतात, म्हणजे दोन टक्क्यांच्या औषधाचे जेमतेम ३ मिली. चारी बाजूंना टोचायचं म्हटलं तर एवढं औषध बघता बघता संपतं. मर्यादा ओलांडली तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होतो. गुंगीच्या औषधासोबत ही मर्यादा आणखी काटेकोर पाळावी लागते, कारण दोन्ही औषधं मिळून मेंदूला आणि श्वासाला मंद करतात.

लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. दातांच्या कामात तो फार जुना आहे. १८४४ साली अमेरिकेत हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. आजही जागेपणीच्या गुंगीसाठी मला तो सगळ्यांत सुरक्षित वाटतो. नाकावर छोटा मास्क ठेवतात, आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू गॅस वाढवत नेतात. ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी सोय मशीनमध्येच असते. मूल जागं राहतं, बोलतं, फक्त सैलावतं. शेवटी पाच मिनिटं ऑक्सिजन दिला की गुंगी उतरते. पण त्याला दोन गोष्टी लागतात: मुलानं मास्क ठेवू द्यायला हवा आणि नाकानं श्वास घ्यायला हवा. तुमचा मुलगा खुर्चीत बसत नाही, नाक सतत चोंदलेलं, आणि रडणारं मूल तोंडानंच श्वास घेतं. गॅस त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. शिवाय गॅस दिला तरी टोचावं लागतंच. सहा-सात वर्षांच्या, थोड्या घाबरलेल्या पण ऐकणाऱ्या मुलाच्या एक-दोन दाढा असतील, तर मी आधी गॅसच सुचवते.

आता सिरप. ऐकायला हे सगळ्यांत साधं वाटतं आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते.

बहुधा ते मिडाझोलम असेल. जाणत्या हातांत, योग्य तयारीनिशी ते चांगलं औषध आहे. आम्हीही ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायच्या आधी मुलांना देतो. पण तोंडानं दिलेल्या औषधाचा अंदाज बांधता येत नाही. कडू असतं, मूल अर्धं थुंकतं. नक्की किती पोटात गेलं ते कळत नाही आणि परत दिलं तर जास्त होण्याची भीती. परिणाम व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि कामाला मिळतो अर्धा-पाऊण तास. काही मुलं शांत होण्याऐवजी उलट चिडतात, आरडाओरडा करतात. आणि हे चार-पाच वेळा करायचं, म्हणजे तितक्यांदा उपाशी ठेवणं, तितक्यांदा तोच धोका. घरून निघताना पाजून आणा, असं कुणी सांगितलं तर तिथं जाऊच नका. गुंगीतलं मूल गाडीत मान खाली टाकून झोपलं आणि श्वास अडला, तर तुमच्या हाताशी काहीच नसतं.

धोका औषधाच्या नावात नसतो, श्वासात असतो, हे मला तुमच्या मनावर ठसवायचंय. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यात पायऱ्या नाहीत, सलग उतार आहे. तेवढ्याच डोसनं एक मूल पेंगुळतं आणि दुसरं खोल झोपेत घसरतं. खोल झोपेत जीभ मागे पडते. लहान मुलांची जीभ तोंडाच्या मानानं मोठी, टॉन्सिल मोठे आणि शरीरातला ऑक्सिजनचा साठा कमी. श्वास अडला की मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर ऑक्सिजन उतरतो. त्यात दातांच्या कामात डॉक्टरांची जागा आणि श्वासाची वाट एकच. ड्रिलचं पाणी, रक्त, दाताचा तुकडा, सगळं घशाकडेच जातं. स्वरयंत्रावर पाण्याचा थेंब पडला तरी तिथले स्नायू आवळून श्वास बंद होऊ शकतो.

म्हणून तुमच्या मुलाचं घोरणं महत्त्वाचं. सारखी सर्दी, रात्री तोंड उघडं, घोरणं, म्हणजे नाकामागच्या मांसल गाठी, ॲडिनॉइड्स, वाढलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्या श्वासाची वाट झोपेत आधीच अरुंद होते. अशा मुलाला खुर्चीत, नळी न घालता गुंगवणं मला धोक्याचं वाटतं. पूर्ण भुलीत मात्र श्वासनलिकेत नळी असते, घशात ओली गॉजपट्टी भरलेली असते आणि प्रत्येक श्वास पडद्यावर दिसत असतो. ऐकायला मोठी वाटणारी भूल इथं अधिक सुरक्षित आहे ती एवढ्यासाठी. आज रात्री तो झोपला की मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. श्वास मध्येच थांबतो, मग दचकून घेतो, असं दिसलं तर तो व्हिडिओ भूलतज्ज्ञांना दाखवाच. अशा मुलाला रात्रभर देखरेखीखाली ठेवतात. ॲडिनॉइड्स काढायचेच ठरले, तर दोन्ही कामं एकाच भुलीत होतील का, हेही विचारता येतं.

तुम्ही चंद्रपूरच्या, म्हणून आणखी एक. तुमच्या भागात आणि गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आढळतो. मुलाची तपासणी झाली नसेल तर हिमोग्लोबिनसोबत तीही करून घ्या. वाहक असला तर सहसा अडत नाही, सांगून ठेवायचं. आजार असेल तर थंडी, पाणी कमी पडणं आणि ऑक्सिजन उतरणं या तिन्ही गोष्टी त्याला त्रास देतात. भूलतज्ज्ञ त्यानुसार सलाइन आधी सुरू करतात, अंग उबदार ठेवतात. लपवण्यासारखं यात काही नाही.

त्या दिवशी काय होतं ते सांगते. आधी एक औषध देऊन त्याला थोडं सैल करतात. मग मास्कमधून सेव्होफ्लुरेन नावाचा वायू देतात, मिनिटा-दोन मिनिटांत झोप लागते. सलाइनची सुई बहुतेकदा त्यानंतरच लावतात, म्हणजे टोचल्याचं त्याला कळत नाही. तोंड कामाला मोकळं राहावं म्हणून नळी शक्यतो नाकातून घालतात. ॲडिनॉइड्स मोठे असतील तर तोंडातून. मग एक्स-रे, फिलिंग, नसेचे उपचार, कॅप, काढायचे दात, सगळं दोन-अडीच तासांत उरकतं. अनेक ठिकाणी आईला झोप लागेपर्यंत आत थांबू देतात, विचारून ठेवा. झोप लागताना तो हातपाय झाडेल, डोळे फिरवेल. ते तसं होतंच, तुम्ही घाबरू नका.

तुमच्या दोन भीती. मेंदूबद्दल: अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त भूल देण्याबद्दल. हर्नियासाठी एकदाच, तासाभराच्या आत भूल दिलेल्या तान्ह्या बाळांचा पुढे पाच वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला गेला. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण भूल न देता ऑपरेशन झालेल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. तुमचं मूल चार वर्षांचं आहे आणि भूल एकदाच द्यायची आहे. या एका कारणासाठी तुम्ही थांबू नये.

उठलाच नाही तर? निरोगी मुलाच्या बाबतीत, नीट तपासून, सुसज्ज ठिकाणी दिलेल्या भुलीत असं होणं अत्यंत दुर्मीळ आहे. शून्य आहे असं मी म्हणणार नाही, कुठल्याच डॉक्टरनं म्हणू नये. पण तो धोका कमी करणं बऱ्याच अंशी तुमच्या निवडीत आहे. म्हणून हे न लाजता विचारा: भूल कोण देणार? त्यांची पदवी भूलशास्त्रातली आहे ना, आणि लहान मुलांना ते नेहमी भूल देतात ना? दात करणारी व्यक्ती आणि श्वासावर लक्ष ठेवणारी व्यक्ती वेगळी आहे ना? ऑक्सिजन, सक्शन, मुलांच्या मापाचे मास्क आणि नळ्या आहेत का? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरखेरीज उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र आहे का? अडचण आली तर मुलांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? ब्रिटनमध्ये २००२ पासून दातांसाठीची पूर्ण भूल फक्त रुग्णालयातच देतात. आपल्याकडे काही ठिकाणी बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावून क्लिनिकमध्येच शिरेतून औषध देऊन झोपवतात. ते 'सेडेशन' म्हणून सांगितलं जातं, पण बऱ्याचदा ती खोल गुंगीच असते, आणि त्याला सगळी तयारी पूर्ण भुलीचीच लागते. उत्तरं देताना कुणी चिडलं, तर दुसरीकडे जा.

खर्चाचंही आधीच बघा. बहुतेक आरोग्यविम्यात दातांचे उपचार धरत नाहीत, कंपनीकडून लेखी विचारून घ्या. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात बालदंत विभाग आहे. तिथं खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होईल, वाट मात्र बघावी लागू शकते.

मॅडमशी एक गोष्ट स्पष्ट बोला. ज्या दाढेचं वाचणं संशयास्पद आहे, ती काढून टाकलेली बरी. एरवी मी दात वाचवण्याच्या बाजूची आहे. पण भुलीत केलेलं रूट कॅनाल सहा महिन्यांत पुन्हा दुखलं, तर त्याच एका दाढेसाठी परत भूल द्यावी लागते. ती वेळ येऊ देऊ नये. काढलेल्या दाढेच्या जागेत पुढे जागा राखणारी तार बसवता येते.

उपाशी राहण्याचे नियम सगळ्या घराला सांगा. सकाळी आठची वेळ असेल तर रात्री नेहमीचं, तळकट नसलेलं जेवण, दूध रात्री दोनच्या आत, आणि साधं पाणी पहाटे सहापर्यंत. दूध आणि दुधाचा चहा पाण्यात मोजायचा नाही. पहाटे उठवून पाणी मात्र जरूर पाजा. पोर रडतंय म्हणून आजीनं हळूच बिस्कीट दिलं, तर कुणीही रागावू नका, पण भूलतज्ज्ञांना सांगा. ते तारीख पुढे ढकलतील. भुलीत उलटी होऊन अन्न फुफ्फुसात जाणं हा खरा जिवाचा धोका आहे. आदल्या आठवड्यात ताप, खोकला किंवा घट्ट शेंबूड आला तरी फोन करा. दोन ते चार आठवडे थांबून काही बिघडत नाही.

उठल्यावर तो अर्धा तास तुम्हालाही ओळखत नसल्यासारखा रडेल. छातीशी धरा, निवळतं. नाकातून रक्ताचे थोडे थेंब, घसा खवखवणं, एखादी उलटी होऊ शकते. पहिल्या दिवशी मऊ भात, वरण, दही. ओठ बधिर असेल तर तो चावत नाही ना, ते बघा.

आणि घरी आल्यावर जुनं सगळं तसंच राहिलं तर नवे दात किडायला वेळ लागत नाही. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपत असेल, तर ती बंद. पहिले आठवडे रडेल, पाण्याची बाटली द्या. रात्रीचं घासणं तुम्ही स्वतः करा, या वयाच्या मुलाला नीट जमत नाही. १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. दर तीन महिन्यांनी दाखवायला न्या, म्हणजे काही न दुखता खुर्चीत बसायची सवय होईल.

आता तुमची अक्कलदाढ. नाही, बहुतेकांना झोपवावं लागत नाही. खालच्या जबड्याच्या नसेपाशी इंजेक्शन दिलं की तो अर्धा ओठ तीन-चार तास बधिर राहतो. दाब कळतो, खरखर ऐकू येते, दुखत नाही. दुखलं तर हात वर करा, अजून औषध देता येतं. फारच धास्ती असेल तर गॅस किंवा भूलतज्ज्ञाकडून शिरेतून हलकी गुंगी घेता येते. शिरेतल्या गुंगीतलं बरंचसं नंतर आठवतही नाही. चारही दाढा हाडात खोल रुतलेल्या असतील किंवा तोंडच उघडत नसेल, तरच पूर्ण भुलीचा विचार करतात. पाळी चुकली असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. शिरेतून गुंगी घेतली तर पुढचे २४ तास स्कूटर नाही, आणि घरात मुलासोबत एकट्या राहू नका. म्हणूनच त्याची तारीख झाल्यावर निदान पंधरा दिवसांनी तुमची घ्या. पहिले काही दिवस तो तुम्हाला सोडणार नाही.